डिस्क घेताय? मग दोन घ्या!

टीव्हीमागच्या फळीवर एक छोटासा डबा. त्यात लग्नाचे व्हिडिओ, पोरांचे बारशापासूनचे फोटो, जमवलेले सिनेमे आणि आजोबांच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेली भजनं. टीव्ही, फोन, टॅब, कुठूनही लावा, सुरू! हाच होम मीडिया सर्व्हर. जेलीफिन किंवा प्लेक्स हे सॉफ्टवेअर टाकलं की अडगळीतला लॅपटॉपसुद्धा या नोकरीवर रुजू होतो. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी: डिस्क कुठली घ्यायची? दुकानदार तबकड्यांऐवजी चिपवर चालणारी एसएसडी पुढे करतो, भाचा एनएएसचं, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या डिस्कच्या डब्याचं, गुणगान गातो आणि मोबाइलवरची जाहिरात १६ टेराबाइट हजार रुपयांत द्यायला निघते. पाकीट काढण्याआधी या गमती वाचून घ्या. पैसेही वाचतील आणि फोटोही.

टनभर वजन, एक फोटो

जगातली पहिली हार्डडिस्क आयबीएमच्या ३०५ रॅमॅक या कॉम्प्युटरसोबत १९५६ साली आली. चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनभर आणि मावायचं किती? ५० लाख अक्षरं, म्हणजे आजच्या हिशेबात जेमतेम पावणेचार मेगाबाइट. तुमच्या फोनने काढलेला एक झकास फोटो टाकला की डिस्क फुल्ल! बरं, अख्खी यंत्रणा भाड्याने घ्यायची, महिन्याला ३,२०० डॉलर मोजून. एका टेराबाइटची पहिली डिस्क हिताचीने आणली २००७ मध्ये, म्हणजे तिथवर यायला ५१ वर्षं लागली. आज त्याच साडेतीन इंची मापात ३० टेराबाइटच्या डिस्क निघतात.

चार सांगितले, तीन पूर्णांक त्रेसष्ट निघाले

नवी कोरी ४ टेराबाइटची डिस्क जोडली आणि विंडोजने ३.६३ दाखवले, की पहिला फोन दुकानदाराला जातो. त्याची काही चूक नसते. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि नाव मात्र दोघंही टेराबाइटच सांगतात. माप जेवढं मोठं, तेवढी तूट जास्त: गिगाबाइटला सुमारे सात टक्के, टेराबाइटला नऊ. तीच डिस्क मॅकला लावलीत तर पूर्ण चार दिसतील, कारण ॲपलने २००९ पासून हजाराचा हिशेब धरला. घेताना एवढंच लक्षात ठेवा, की आठ टेराबाइटचा ऐवज असेल तर आठची डिस्क पुरत नाही.

ताशी १३० च्या वेगाने गरागरा

साडेतीन इंची डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते तेव्हा तिची कड ताशी जवळपास १३० किलोमीटर वेगाने पळत असते. वाचणारं हेड तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. तरंगायला हवा लागते, म्हणून साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात समुद्रसपाटीपासूनची उंचीही छापलेली असते, बहुधा सुमारे ३,००० मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रभर कुठेही बिनधास्त चालवा. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये मात्र ही मर्यादा ओलांडली जाते.

मोठ्या डिस्कमध्ये तर हवा नसतेच, हेलियम असतो. तो हवेच्या एक सप्तमांश घनतेचा, त्यामुळे तबकड्यांना अडथळा कमी, वीज कमी आणि त्याच जागेत तबकड्या जास्त. एचजीएसटीने २०१३ मध्ये अशी पहिली ६ टेराबाइटची डिस्क बाजारात आणली.

हळू बोला, डिस्क ऐकतेय

सन मायक्रोसिस्टम्सचा इंजिनिअर ब्रेंडन ग्रेग २००८ मध्ये सर्व्हरच्या रॅकसमोर उभा राहून डिस्कवर चक्क ओरडला. पडद्यावरच्या आलेखात डिस्कचा प्रतिसाद तेवढ्यापुरता मंदावलेला स्पष्ट दिसला. हा व्हिडिओ आजही आवडीने पाहिला जातो. याहून मोठा तमाशा बुखारेस्टमध्ये झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या वायूची चाचणी घेतली, आणि वायू सुटतानाच्या नुसत्या आवाजाने डिस्क निकामी झाल्या. बँकेची कार्डं आणि एटीएम सुमारे दहा तास ठप्प!

कळस मात्र जॅनेट जॅक्सनच्या 'रिदम नेशन' या गाण्याने चढवला. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेनने २०२२ मध्ये सांगितलेला हा किस्सा. विंडोज एक्सपीच्या काळात काही लॅपटॉप हे गाणं लावलं की बंद पडायचे, एवढंच नव्हे तर शेजारचा, गाणं न वाजवणारा लॅपटॉपही मान टाकायचा. गाण्यातली एक कंपनसंख्या आतल्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कच्या कंपनसंख्येशी नेमकी जुळत होती. तात्पर्य: सर्व्हर सबवूफरच्या डोक्यावर ठेवू नका, आणि गणपतीत गल्लीत डीजेची भिंत उभी राहणार असेल तर रस्त्याकडच्या खिडकीतही नको.

सात हजारांचा वेग, सव्वाशेचा रस्ता

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर दुकानांत हा संवाद हमखास ऐकू येतो.

'साहेब, एनव्हीएमई एसएसडी घ्या. सेकंदाला सात हजार एमबी. रॉकेट आहे रॉकेट!'

'फोरके पिक्चर अडकणार नाही ना?'

'सवालच नाही!'

सवाल आहे, पण वेगळा. फोरके ब्लू-रे डिस्कला जास्तीत जास्त लागतात सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट. साधी हार्डडिस्क आरामात दीडशे देते. घरातली गिगाबिट केबल फार तर १२५ नेणार, वायफाय बहुधा त्याहून कमी. म्हणजे सात हजारांचं रॉकेट घेतलंत तरी ते सव्वाशेच्या रस्त्यावरूनच धावणार. सिनेमा अडकत असेल, तर दहात नऊ वेळा दोष वायफायचा किंवा टीव्हीला झेपेल अशा रूपात फाइल बदलून देणाऱ्या प्रोसेसरचा असतो. छोटी एसएसडी जरूर घ्या, पण ती ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आणि पोस्टरं पटापट दिसावीत म्हणून. सिनेमे नि फोटो ठेवायला दर टेराबाइटमागे कितीतरी स्वस्त पडणारी जाडजूड, संथ हार्डडिस्कच बरी. आणि उरलेले पैसे? ते कुठे लावायचे, तीच पुढची गोष्ट.

डिस्कवरची कौलं

कोकणातल्या घराचं छप्पर आठवा. एक कौल दुसऱ्यावर थोडं चढलेलं असतं. मधलंच एक काढायचं म्हटलं, की वरची ओळ उचलावी लागते. काही हार्डडिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या अशाच एकमेकींवर चढवून लिहितात, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावतं. यांना एसएमआर म्हणतात. वाचायला झकास, एकदाच लिहून ठेवायला ठीक, पण मधला तुकडा बदलायचा तर शेजारच्या पट्ट्याही नव्याने लिहाव्या लागतात आणि डिस्क रडतखडत चालते. अनेक डिस्क एकत्र बांधून केलेल्या 'रेड' (RAID) मांडणीत तर एक डिस्क बदलून पुन्हा भरताना दिवसच्या दिवस जातात.

एप्रिल २०२० मध्ये उघड झालं, की खास एनएएससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि वेष्टणावर तसा उल्लेखच नव्हता. गिऱ्हाइकांनी गदारोळ केला, प्रकरण कोर्टात गेलं आणि कंपनीने सीएमआरवाल्या, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवणाऱ्या, डिस्कना 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. सीगेटने तेव्हाच जाहीर केलं, की आपली आयर्नवुल्फ मालिका पूर्ण सीएमआर आहे. म्हणून दुकानात नुसतं 'चार टीबी द्या' म्हणू नका. लेबलवरचा मॉडेल नंबर कंपनीच्या यादीशी ताडून बघा आणि 'सीएमआर' ही तीन अक्षरं दिसली की मगच पैसे मोजा.

तिसऱ्या पिनेवर चिकटपट्टी

अमेरिकेत एक खेळ चालतो. प्लास्टिकच्या डब्यातली बाहेरून जोडायची मोठी डिस्क सेलमध्ये सुट्या डिस्कपेक्षा स्वस्त मिळते. ती आणायची, डबा फोडायचा आणि आतली डिस्क काढून सर्व्हरमध्ये बसवायची. कधीकधी अशी डिस्क जोडली की ना आवाज, ना हालचाल. मेली? नाही. डिस्कला वीज देणाऱ्या साटा जोडणीत १५ पिना असतात. नव्या नियमांत तिसऱ्या पिनेवर वीज आली की डिस्कने बंद राहायचं असं ठरलं आहे, आणि जुने पॉवर सप्लाय त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट सोडतात. मग हे शौकीन पिवळसर कॅप्टॉन टेपचा तांदळाएवढा तुकडा कापतात, चिमट्याने तेवढ्या पिनेवर चिकटवतात आणि डिस्क गुरगुरत उठते! अर्थात डबा फोडला की वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी हवी. आणि अडीच इंची छोट्या डिस्कच्या वाटेला तर जाऊच नका. त्यातल्या कित्येकांना यूएसबीचं तोंड थेट बोर्डावरच झाळलेलं असतं.

हजार रुपयांत १६ टीबी, आत कार्ड

ती ऑनलाइन जाहिरात आठवतेय ना? चकचकीत धातूचा डबा, वर '१६ टीबी'. उघडून बघितला तर आत बोटाच्या पेराएवढा बोर्ड, त्यावर गोंदाने चिकटवलेलं मोबाइलचं मेमरी कार्ड आणि बाकी सगळी पोकळी. कॉम्प्युटरला मात्र ते १६ टेराबाइट म्हणून दिसतं, कारण आतल्या फर्मवेअरला खोटं बोलायलाच शिकवलेलं असतं. खरी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर फायलींची नावं दिसतात, आत काहीच नसतं. यावर उतारा फुकट आहे: विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू, लिनक्सवर एफ-थ्री. हे प्रोग्रॅम पूर्ण डिस्क भरून पुन्हा वाचून बघतात. नवी डिस्क कितीही नामांकित असो, फोटो टाकण्याआधी ही परीक्षा घ्याच.

आयुष्य ११४ वर्षं?

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी वेळ, १० लाख तास. भागाकार केला तर ११४ वर्षं! पणतूपर्यंत चालेल म्हणून खूश होऊ नका. हा आकडा एका डिस्कचा नसून हजारो डिस्कच्या घोळक्याचा आहे. त्याचा अर्थ इतकाच, की शंभरातली साधारण एक डिस्क वर्षभरात जाईल. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कचा पाढा २०१३ पासून नियमित वाचून दाखवते. तिथे वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास डिस्क जातात.

गुगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. त्यात दिसलं, की स्कॅनमध्ये पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट वाढते. म्हणजे पहिली कुरकुर ऐकली की लगेच नवी आणा. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष जास्त झोप उडवणारा: गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी 'स्मार्ट' या डिस्कच्या अंगभूत तब्येत-तपासणीच्या चार सर्वांत भरवशाच्या इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. डिस्क कधी जाणार याचा पंचांगात मुहूर्त नाही. ती जाणार हे धरूनच खरेदी करायची. उरलेले पैसे लावायचे ते इथे: वेगात नव्हे, दुसऱ्या प्रतीत.

रेड आहे ना, मग कशाला बॅकअप?

हे वाक्य ज्याच्या तोंडी ऐकाल त्याची कीव करा. एक डिस्क गेली तरी काम थांबू नये, म्हणून रेडची मांडणी असते. बर्कलेच्या पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ती शोधनिबंधात मांडली. पण चुकून फोल्डर उडवलंत, तर रेड ते दोन्ही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने उडवतं. व्हायरस घुसला तर दोन्हीकडे घुसतो. विजेचा झटका बसला तर दोघी एकाच डब्यात!

बॅकअप असतो, पण तपासलेला नसतो, ही त्याहून गमतीदार जात. गिटलॅब या नामांकित कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याने चालू डेटाबेसचं फोल्डरच पुसलं. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, आणि ऐन वेळी पाचही हात वर करून मोकळ्या! सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिने लाज राखली. कंपनीने ही दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, हा तिचा दिलदारपणा.

बाळामुळे वाचलेला सिनेमा

पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओत १९९८ साली 'टॉय स्टोरी २' चं काम चालू असताना कुणीतरी पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली. बघता बघता नायक वूडीची टोपी गेली, बूट गेले, मग वूडीच गेला. जवळजवळ ९० टक्के सिनेमा साफ! टेपवरचा बॅकअप काढला, तर तो कित्येक दिवस गुपचूप फसत आला होता. मग टेक्निकल डायरेक्टर गेलिन सस्मन यांना आठवलं, की नुकतंच बाळ झाल्याने आपण घरून काम करतो आणि घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत आहे. ते यंत्र ब्लँकेटांत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर जपून बांधून ऑफिसात आणलं आणि सिनेमा परत मिळाला. पुढची गंमत म्हणजे पिक्सारने नंतर तो बहुतेक सगळा नव्याने रचलाच.

ऑफिसाबाहेरची एक प्रत कामाला आली, हीच ३-२-१ नियमातल्या '१' ची किंमत. छायाचित्रकार पीटर क्रो यांनी हा नियम लोकप्रिय केला: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

हा धडा पुण्यानेही पाहिला आहे. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. ज्या चित्रपटांची प्रत आधीच सेफ्टी फिल्मवर काढून ठेवली होती ते वाचले, ज्यांची नव्हती त्यांची राख झाली. आणि मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटातल्या पाच प्रती काय किंवा एक काय, सारखंच! म्हणून तिसरी डिस्क गावाकडे ठेवा, बहिणीकडे ठेवा. दिवाळीला आणि मे महिन्यात तिकडे जाणं होतंच, तेव्हा ती अद्ययावत करायची.

कबुतर जिंकलं

'घराबाहेरची प्रत क्लाउडवर ठेवतो की!' ठेवा, पण पहिल्या खेपेचा हिशेब करा. सेकंदाला १०० मेगाबिट अपलोड पूर्ण वेगाने मिळालं तरी आठ टेराबाइट चढवायला सात दिवसांहून जास्त लागतात. दक्षिण आफ्रिकेत सप्टेंबर २००९ मध्ये याची शर्यतच लागली. विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ गिगाबाइटचं कार्ड बांधलं आणि हॉविकहून डर्बनला सोडलं. कबुतर ६८ मिनिटांत पोहोचलं. कार्डावरची माहिती उतरवून घेण्यासकट दोन तास सात मिनिटं लागली, तोवर इंटरनेटवरून चार टक्के माल पोहोचला होता. डिस्क पिशवीत घालून एसटीने नेणं आजही मागासलेपणाचं लक्षण नाही!

कपाटातली एसएसडी

नेऊन ठेवायची डिस्क कुठली? एसएसडीत विजेचा भार अडकवून ठेवलेला असतो आणि तो हळूहळू पाझरतो. जेडेक संस्थेच्या निकषानुसार घरगुती एसएसडीने तिची लिहिण्याची क्षमता वापरून झाल्यावर, वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष डेटा टिकवावा. नवीकोरी यापेक्षा जास्त टिकते, पण जितकी उष्णता जास्त तितकी मुदत कमी, आणि विदर्भातला मे महिना काय असतो ते सांगायला नको. कपाटासाठी हार्डडिस्क बरी, आणि तीही सहा महिन्यांनी जोडून चालवून बघायची. टेपला हसू नका. २०११ मध्ये जीमेलच्या एका बगमुळे काहींच्या पेट्या रिकाम्या झाल्या, तेव्हा गुगलने ती पत्रं टेपवरूनच परत आणली. मात्र टेप वाचणारं यंत्र लाखांच्या घरात जातं, म्हणून ते गुगललाच शोभतं.

मीटर पडतोय

जुना डेस्कटॉप ६० वॅट खात दिवसरात्र चालला, तर वर्षाला ५२५ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर सव्वापाच हजार. मिनी पीसी आणि एक डिस्क मिळून १५ वॅटवर राहिले, तर १३१ युनिट, म्हणजे तेराशे रुपये. दरवर्षी वाचणाऱ्या चार हजारांत दुसऱ्या डिस्कचा मोठा हिस्सा निघतो. रास्पबेरी पाय ५ ही चिमुकली कॉम्प्युटर-पाटी वापरणार असाल, तर तिचा २७ वॅटचा अडॅप्टरच घ्या. साध्या अडॅप्टरवर ती सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देते आणि डिस्क मध्येच गचके खाते. शिवाय दिवे येत-जात असतील, तर एक छोटा यूपीएस. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल करप्ट होते आणि महावितरणकडे त्याची तक्रार चालत नाही.

जाता जाता, खरेदीची चिठ्ठी

- सिस्टिमसाठी छोटी एसएसडी, जेवढी स्वस्त तेवढी.
- साठ्यासाठी सीएमआर हार्डडिस्क, आजच्या गरजेच्या दुप्पट मापाची.
- त्याच मापाची दुसरी, बॅकअपसाठी. काम झालं की केबल काढून ठेवायची.
- घराबाहेरची तिसरी छोटी चालेल. सिनेमे पुन्हा मिळतात, बारसं पुन्हा होत नाही. तिच्यावर फक्त आपलं, दुसरीकडे कुठेच न मिळणारं.
- डिस्क जुळ्या घेऊ नका. एकाच दिवशी एकाच खोक्यातून निघालेल्या दोघींमध्ये कारखान्यातला दोषही एकच असू शकतो.
- ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन. आपल्याकडे त्या दिवशी हिशेबाच्या फायली आवरायच्याच असतात. त्यातच पाच मिनिटं काढा, बॅकअपमधला एखादा जुना व्हिडिओ उघडा आणि शेवटपर्यंत चालतो का बघा. चालला तर वर्षभर निश्चिंत. नाही चालला, तर एक एप्रिलला तुम्हाला कुणी वेगळं फसवायची गरज नाही.